चोवीसचा आकडा

गिऱ्हाइकाला फसवणारा भूपेंद्र नव्हे, असं मी पिंप्राळ्यात बावीस वर्षं छाती ठोकून सांगत आलो. धंदा म्हटला की माणूस थोडंफार इकडचं तिकडे करतो, ते सोडा. माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. मशीन जोडून देतो, दुरुस्त करतो, आणि कोणी अर्धवट अक्कल पाजळायला लागला की त्याला पायरीवरूनच परत पाठवतो. माझी बायको मोहिनी म्हणते, तुमच्या दुकानात माल कमी आणि भाषणं जास्त. म्हणू दे.

आमच्या दुकानाची एक रीत आहे. मशीन तयार झालं की खोक्यात भरायच्या आधी गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवायचं, मशीन चालू करायचं आणि पडद्यावर आकडे दाखवायचे. बघा, एवढी मेमरी, एवढी डिस्क. माझ्या बोलण्यावर जाऊ नका, डोळ्यांनी बघा. बोदवडपासून एरंडोलपर्यंतची माणसं या एका रीतीपायी माझ्याकडे येतात. आणि याच रीतीने मी एका पोरीला फसवलं.

साक्षी तिचं नाव. गेल्या दिवाळीच्या आधी धुळ्याहून आली, सोबत तिचे वडील वाल्मीकनाना. नाना एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, आता रिटायर. पोरीला आर्किटेक्ट केलं, तिने पुण्यात तीन वर्षं नोकरी केली आणि आता धुळ्यात स्वतःचं काम सुरू करायचं म्हणून परत आली होती. पहिलंच काम घरचं म्हणावं असं होतं. त्यांच्या वस्तीतलं पत्र्याचं बुद्धविहार पाडून नवीन बांधायचं होतं. कमिटीच्या अध्यक्ष कलाबाई, रिटायर मुख्याध्यापिका, मोठ्या खमक्या बाई. त्यांनी सांगितलं होतं, विहार कसं दिसेल ते आम्हाला पडद्यावर चालतं-फिरतं दाखवा, ज्याचं आवडेल त्याला काम. नाशिकची एक पार्टीही रांगेत होती.

“वस्तीतल्या पोरीनेच ते करावं असं सगळ्यांना वाटतंय,” नाना म्हणाले. “पण कलाअक्का म्हणतात, पोरगी आपली आहे म्हणून नको, काम चांगलं आहे म्हणून देऊ.”

साक्षीच्या हातात चिठ्ठी होती, पुण्याच्या मैत्रिणीने सांगितल्यावरून लिहिलेली. प्रोफेशनल ग्राफिक्स कार्ड, मेमरी किमान सोळा जीबी.

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कार्डाची मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा. इमारत, झाडं, माणसं, ऊन, सावली, जे काही पडद्यावर फिरवून दाखवायचं ते सगळं एकाच वेळी त्या ओट्यावर मावलं पाहिजे. बाई कितीही चपळ असो, ओटा लहान असला की परात ठेवली तर पोळपाटाला जागा नाही. या प्रोफेशनल कार्डांची तर आणखी गंमत आहे. त्यात नावाची किंमत असते, सॉफ्टवेअरवाल्यांनी दिलेल्या पसंतीची किंमत असते, नव्या मॉडेलची असते. म्हणून आठ जीबीचं नवं कार्ड सोळाच्या जुन्या कार्डापेक्षा महागही असू शकतं. महाग घेतलं म्हणजे ओटा मोठा मिळाला असं काही नसतं.

हे मला माहीत होतं. माझ्याइतकं आख्ख्या जळगावात कोणाला माहीत नसेल, असंही मी म्हणायचो.

पण माझ्या काचेच्या कपाटात आठ जीबीचं एक कार्ड आठ महिन्यांपासून पडून होतं. नवं कोरं, सीलबंद, प्रोफेशनल. अमळनेरच्या एका पार्टीने मागवायला लावलं आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं. रोज सकाळी उदबत्ती लावताना ते खोकं दिसायचं आणि माझं डोकं फिरायचं. साक्षीची चिठ्ठी वाचली आणि नजर आपोआप कपाटाकडे गेली.

“ताई, सोळा-बिळावर जाऊ नका,” मी सुरू केलं. “ते जुनं मॉडेल आहे. हे बघा, हे या वर्षीचं. वेग बघा याचा. पुण्या-मुंबईचे मोठे स्टुडिओ हेच वापरतात.”

“पण मैत्रीण म्हणाली, सोळापेक्षा कमी घेऊच नको. सीन मोठा आहे माझा.”

मला राग आला. खरंच आला. माझ्याच दुकानात उभं राहून मला पुण्याच्या मैत्रिणीचं सांगते! आणि त्या रागाच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, “सोळा काय घेऊन बसलात ताई, तुम्हाला चोवीस दाखवतो!”

चार दिवसांनी मशीन तयार झालं. बाप-लेक परत आले. साक्षीला मी खुर्चीवर बसवलं, रीतीप्रमाणे मशीन चालू केलं, कार्डाच्या मेमरीचं पान उघडलं. त्या पानावर तीन आकडे येतात. एक असतो कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा, तो होता आठ. दुसरा, कॉम्प्युटरच्या साध्या मेमरीतून कार्डाला गरजेपुरती उसनी मिळू शकते तिचा, तो सोळा. ती उसनी मेमरी म्हणजे शेजारणीच्या ओट्यावर पोळ्या लाटण्यासारखं, प्रत्येक पोळीला दोन घरांत पळापळ. आणि तिसरा आकडा दोघांच्या बेरजेचा.

मी बोट तिसऱ्या आकड्यावर ठेवलं.

“चोवीस,” साक्षी म्हणाली.

“डोळ्यांनी बघितलं ना?”

नाना तर खूश होऊन आपल्या अहिराणीतच बोलले, “सोळा मांगं, चोवीस दिधं! भाऊ, तुम्ही भला माणूस शेतस.”

मी हसलो. ओशाळं वगैरे अजिबात नाही, चांगला मोकळा हसलो. कपाट रिकामं झालं होतं ना! खरं सांगायचं तर मी मनाची समजूत घालून ठेवली होती, की पोरीचं पहिलंच काम आहे, असून असून किती मोठं असेल, आठमध्ये आरामात होऊन जाईल.

जानेवारीत तिचा फोन आला. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती.

“भाऊ, नुसती इमारत असली की चालतं. झाडं आणि माणसं टाकली की बंद पडतं. व्हिडिओ मेमरी संपली असा मेसेज येतो.”

त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय मला नाही. पण गिऱ्हाइकं ऐकत होती. त्यांच्या देखत मी काय म्हणणार? म्हणून मी आवाज चढवला.

“अहो ताई, मेमरी तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघितली ना? चोवीस आहे. मशीनला काय धाड भरलीय? फाईल नीट बनवली नाही की असंच येतं. कॉलेजात शिकवतात ते वेगळं आणि हे काम वेगळं. शिकून घ्या जरा.”

ती हळूच म्हणाली, “हो भाऊ. माझंच काहीतरी चुकत असेल. सॉरी हं, तुम्हाला कामात त्रास दिला.”

माझी चूक, आणि सॉरी ती म्हणाली. मी फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हटलं, “बघा, असे लोक असतात.” हे वाक्यही मी बोललो. घरी जेवायला बसलो तर घास तोंडात फिरत राहिला. मोहिनीने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, मीठ जास्त आहे. तिने वरण चाखलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

पुढे दोन महिने मी कोणालाच काही विचारलं नाही. धुळ्याचा नंबर दिसला की आधी नाव बघायचो, पण तिचा फोन काही आला नाही. निभावलं असेल तिने, असं मी धरून चाललो.

मार्चमध्ये एका शनिवारी दुपारी साक्षी स्वतःच दुकानात आली. पाठीला सॅक, हातात वही. उन्हाने चेहरा लाल झाला होता. मी पाणी दिलं. मशीन परत करायला आली असेल, भांडायला आली असेल, असं वाटून मनातल्या मनात मी उत्तरं जुळवत होतो.

“थँक्यू म्हणायला आले भाऊ,” ती म्हणाली. “तुम्ही बोलला नसतात तर माझ्या लक्षातच आलं नसतं. मी इथे क्लास लावलाय. शनिवार-रविवार. अगदी पहिल्यापासून शिकतेय.”

“इथे? जळगावला? धुळ्यात क्लास नाहीत का?”

“आहेत ना. पण तिथे सगळे ओळखतात. आर्किटेक्ट बाई बारावीच्या पोरांसोबत क्लासला बसते म्हणतील. पप्पांना कसं वाटेल?” ती हसली. “एसटीने येते. दोन तास यायला, दोन तास जायला. काही नाही, सवय झाली.”

“आणि ते विहाराचं?”

हे विचारायला नको होतं. तिने वही मांडीवर घेतली आणि खाली बघत सांगितलं. कमिटीच्या दिवशी पूर्ण फिल्म चालेना. म्हणून तिने आधी माणसं काढली. मग झाडं काढली. दारात बोधिवृक्ष होता, तोही काढला. कोरीव खांबांच्या जागी साधे खांब ठेवले. तेव्हा कुठे ती फिल्म चालली. सगळी वस्ती बघायला जमली होती. मागून कोणीतरी म्हणालं, हे तर कापसाचं गोदाम दिसतंय, आणि लोक हसले. कलाबाईंनी विचारलं, काय झालं गं? तेव्हा तिने उठून सगळ्यांसमोर सांगितलं, माझी तयारी कमी पडली, मला नीट येत नाही. काम नाशिकच्या पार्टीला गेलं.

“घरी आल्यावर पप्पा बोलले मला,” ती म्हणाली. “आयुष्यात पहिल्यांदा बोलले. त्यांचंही बरोबर आहे. विहार माझी पोरगीच बांधणार, असं त्यांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं ना.”

क्लासची वेळ झाली म्हणून ती उठून गेली. मी तिथेच बसून राहिलो. ज्या क्लासला ती जात होती त्याचा मास्तर माझ्या चांगल्या ओळखीचा. तिला जे येतं त्याच्या निम्मंही त्याला येत नाही, शप्पथ. आणि ही त्याच्यासमोर वही उघडून बसते. माझ्या एका वाक्यापायी. लाज वाटली, असं नुसतं म्हणून भागत नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

घरी जाऊन मोहिनीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबला तिचा.

“मग आता?”

“सोळाचं कार्ड मागवलंय मुंबईहून. सर्व्हिसिंगच्या नावाने जातो आणि गुपचूप बदलून येतो. एक पैसा घेणार नाही.”

“आणि तिला काय सांगाल?”

“काही नाही. मशीन चालेल, झालं. सांगून काय उपयोग? उगाच दुकानाचं नाव...”

“दुकानाचं नाव!” मोहिनीने पातेलं आपटलं. “एवढं भाषण करता रोज, आणि चार शब्द बोलायची वेळ आली तर तोंडाला कुलूप? जा बाई, जे करायचं ते करा. माझ्याकडून शाबासकी मिळणार नाही.”

मी पण चिडलो. म्हटलं, तू दुकान चालवून बघ एकदा. म्हणजे नेहमीचंच.

पुढच्या शुक्रवारी धुळ्याला गेलो. पारोळ्याला चहा प्यायला थांबलो, तो प्यावासाच वाटेना. नानांचं घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्याखाली टेबलावर माझं मशीन. त्याच्यावर विणलेला रुमाल घातलेला होता.

“जय भीम भाऊ, या या!” नाना उठून उभे राहिले. “सर्व्हिसिंगला खुद्द मालक आले. कोण करतं एवढं?”

“जय भीम नाना,” म्हटलं आणि खाली बसून घाईघाईने स्क्रू काढायला लागलो. नाना दूध आणायला कोपऱ्यावर गेले. साक्षी आत चहाचं आधण ठेवायला गेली. तेवढ्या पाच मिनिटांत आठचं कार्ड काढून पिशवीत टाकलं आणि सोळाचं बसवलं. माझ्याच हाताने विकलेल्या मशीनमध्ये मी चोरासारखं काम करत होतो. एक स्क्रू हातातून निसटून कपाटाखाली गेला, तो शोधलासुद्धा नाही.

साक्षी आधण ठेवून, कपबशा घेऊन बाहेर आली तेव्हा मशीन चालू झालं होतं.

“ताई, ती पहिली फाईल आहे का? पूर्ण, झाडा-माणसांसकट?”

“आहे. पण ती नाही चालत भाऊ. क्लासमध्ये शिकल्याप्रमाणे थोडी दुरुस्त केली, अजून उघडून बघायची हिंमत झाली नाही.”

“उघडा.”

तिने उघडली. आधी पांढऱ्या पायऱ्या आल्या. मग खांब, त्यांच्यावरची कमळं. मग दारातला बोधिवृक्ष. त्याची पानं हलत होती आणि त्यांची सावली पायऱ्यांवर पडत होती. पायऱ्यांवर पांढऱ्या साड्यांतल्या बायका बसलेल्या, एक म्हातारा काठी टेकत वर चढतोय. दारातून आत गेलं की उजेड थेट मूर्तीच्या मांडीपर्यंत पोचत होता. एकदाही अडखळलं नाही. मी बावीस वर्षं या धंद्यात आहे, लाखो रुपयांची मशीनं पाहिली, पण असं काम माझ्या दुकानातून गेलेल्या कुठल्याच मशीनवर मी पाहिलं नव्हतं. आणि या पोरीला मी म्हणालो होतो, शिकून घ्या.

“पप्पा!” ती ओरडली. नाना दुधाची पिशवी घेऊन दारातच होते. “पप्पा, चाललं! क्लासचा उपयोग झाला! मी फाईल दुरुस्त केली ती बरोबर झाली!”

नाना पडद्यासमोर येऊन उभे राहिले. पानं हलताना बघत राहिले. डोळे भरून आले त्यांचे. मग दुधाची पिशवी तिथेच टेबलावर ठेवून ते आत गेले आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आले. एक साक्षीच्या तोंडात घातला, एक माझ्या हातावर ठेवला.

“त्या दिवशी मी पोरीले लई बोलनू, भाऊ,” ते म्हणाले. “घरी आलेल्या चार लोकांदेखत म्हणालो, नही जमत तर कशाले आपल्या समाजाचं हसं करतेस. नंतर वाईट वाटायचं. आता वाटतं, बोललो ते बरंच झालं. ठेच लागली म्हणून शिकली. अन् तुम्ही पण तिला वेळेवर सांगितलं. तुमचे उपकार.”

साक्षी मान हलवत होती. तिला पटत होतं ते. हो, मी कमी होते, मग शिकले, मग जमलं. तिच्या चेहऱ्यावर केवढा आनंद होता. मी पेढा खाल्ला असता, चहा प्यायलो असतो, नमस्कार करून निघालो असतो, तर कोणालाच कधी काही कळलं नसतं. मी उठलोसुद्धा. पिशवी उचलली. पिशवीत ते कार्ड होतं.

आणि नाही जमलं. मोहिनीमुळे नाही, पुण्य मिळावं म्हणूनही नाही. त्या पोरीने मान हलवली ना, ते बघवेना मला.

“नाना, पेढा नको,” मी तो परत पुड्यात ठेवला. “क्लासने काही झालेलं नाही. मी आत्ता कार्ड बदललं. तुम्ही दूध आणायला गेलात तेव्हा.”

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

“ताईंनी सोळा मागितली होती. मी आठ दिली. चोवीस दाखवली ती खरी नव्हती. कार्डाची स्वतःची आठच होती, बाकीची उसनी. मला माहीत होतं. दुकानात पडून होतं म्हणून तुमच्या गळ्यात मारलं.”

नाना हळूच खाली बसले. साक्षी मात्र उभीच होती.

“मी फोन केला होता तेव्हा?” तिने विचारलं.

“तेव्हाही माहीत होतं.”

“म्हणजे फाईल...”

“फाईल पहिल्या दिवसापासून बरोबर होती, ताई. झाडं, माणसं, सगळं. तुम्हाला काहीच शिकायचं नव्हतं.”

मला वाटलं ती ओरडेल. कपबशी फेकून मारेल. मारली असती तर बरं वाटलं असतं. ती माझ्याकडे बघतही नव्हती. ती नानांकडे बघत होती.

“पप्पा, ऐकलं का? मला येत होतं.”

नानांनी तोंड उघडलं. “साक्षी, बेटा, मी...”

“तुम्ही नंतर बोला,” ती म्हणाली. “आधी यांना बोलू द्या.” तिने मोबाईल उचलला, नंबर लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्यासमोर धरला. पलीकडून कलाबाईंचा करडा आवाज आला, “हां, बोल गं साक्षी.”

“अक्का,” मी म्हणालो, “मी जळगावचा भूपेंद्र. कॉम्प्युटरवाला. साक्षीताईंना मशीन मी दिलं होतं.” आणि मग सगळं सांगितलं. आठ, सोळा, चोवीस. कपाटात पडून असलेलं कार्ड. तो जानेवारीचा फोन. शेवटी म्हटलं, “तुमच्या सगळ्यांसमोर ती म्हणाली ना, मला नीट येत नाही, ते तिला मी म्हणायला लावलं. पुढची कमिटी बसेल तेव्हा मी येतो. तिथे उभं राहून हेच सगळ्यांना सांगतो.”

पडद्यावर फिल्म संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती.

“रविवारी दहाला या,” कलाबाई म्हणाल्या. “यावंच लागेल तुम्हाला. पण आत्ता तुमच्याशी मला काही बोलायचं नाही. फोन तिला द्या. गोदाम म्हणून हसलो, त्यात मी पण होते. मला त्या पोरीची माफी मागायची आहे.”

मी बाजूला झालो. साक्षीने स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला.